काढलेलं पंक्चर चार दिवसांनी पुन्हा का होतं? काटेरी रानात फिरणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांसाठी

सोमवारी सकाळी मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो तर गाडीचं मागचं डावं चाक पुन्हा बसलेलं. गेज लावला. ३२ पीएसआयची (हवेच्या दाबाचं माप) हवा १४वर आली होती. हेच चाक आदल्या गुरुवारी दुरुस्त करून आणलं होतं, त्याआधीच्या आठवड्यातही आणलं होतं. दोन्ही वेळा दुकानदाराने चाक टाकीत बुडवलं, बुडबुडे दाखवले, भोकात रबरी पट्टी भरली, परत बुडवलं आणि म्हणाला, "बघा साहेब, आता कुठूनच हवा येत नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्या घटकेला खरंच कुठून येत नव्हती.

तिसऱ्या वेळी मी टायर रिमवरून उतरवायला लावला. आतल्या बाजूने कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवला, तर एका जागी कापसाचे तंतू अडकले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोट नेलं तर टोचलं. टॉर्च तिरका धरल्यावर काळ्या रबरात तांदळाच्या कणीएवढं तपकिरी टोक दिसलं. बाभळीचा काटा. बाहेरून मोडलेला, रबरात रुतलेला, आणि गाडी चालेल तसा थोडा थोडा आत सरकणारा. दोन वेळा भरलेल्या पट्ट्या त्याच्यापासून दोन-तीन इंचांवर होत्या आणि शाबूत होत्या.

शनिवार-रविवारी गाडी रानात नेऊन पुढचा आठवडाभर पंक्चरच्या दुकानात खेटे घालणारे मुंबईत बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

खिळा वेगळा, काटा वेगळा

आपली पंक्चरची दुकानं खिळ्याला सरावलेली आहेत. खिळ्याला डोकं असतं, तो दिसतो, पकडीने ओढला की पूर्ण बाहेर येतो. एक खिळा, एक भोक, एक पट्टी. मुंबईच्या रस्त्यावर हे पुरतं.

काटा लाकडाचा असतो. तो आत जातो आणि गाडी पुढे गेली की रस्त्याला घासून रबराच्या पातळीलाच मोडतो. वरचं रबर मिटतं, त्यामुळे जागा शोधूनही सापडत नाही. मोडका तुकडा ट्रेडच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या रबराच्या, जाडीत अडकून राहतो. चाक दर फेरीला जमिनीवर दबतं, तेव्हा त्या तुकड्यालाही खालून रेटा बसतो. दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की तो आतल्या थराला भिडतो आणि हवा सुटू लागते. म्हणून पंक्चर रानात न होता बुधवारी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर होतं, आणि आपण दोष देतो शहरातल्या खिळ्याला.

दुसरी गोष्ट म्हणजे रानातल्या एका फेरीत काटा एकच कधी लागत नाही. दहा रुतलेले असतात, त्यातला एक आज हवा सोडतो. टाकीतल्या पाण्यात तोच एक दिसतो, बाकीचे नऊ अजून वाटेवर असतात. "काढलेलं पंक्चर परत झालं" असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा पुढच्या काट्याचं नवं पंक्चर असतं. काट्याचा नायटा होतो तो असा.

ट्यूबच्या टायरमध्ये हेच जास्त वाईट होतं. माझ्या मावसभावाकडे जुनी जिप्सी आहे, २०५/७० आर १५ मापाची, ट्यूब घातलेली. त्याने एका महिन्यात दोन नव्या ट्यूब टाकल्या. टायरमध्ये राहिलेलं टोक प्रत्येक नव्या ट्यूबला त्याच जागी भोक पाडत होतं. ट्यूब बाहेर काढल्यावर व्हॉल्व्हच्या जागेवरून मोजून टायरवर तेच ठिकाण शोधायला हवं होतं, ते कुणी केलंच नाही.

हे काटे लागतात कुठे

मुंबईहून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढेपर्यंत पावसाचा प्रदेश आहे. इथे वाटेला करवंदाच्या जाळ्या लागतात, त्यांचे काटे आखूड पण टणक. खैराचे काटे बारीक आणि वाकडे, टायरला त्यांचा फारसा त्रास नाही. या पट्ट्यात खरी भीती खुंटांची. कारवी किंवा बांबू कोयत्याने तिरका तोडला की जमिनीतून चार-सहा इंच वर भाल्यासारखं टोक उरतं. गवतात ते दिसत नाही आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सरळ फाडतं.

घाट ओलांडून ओतूर, आळेफाट्याच्या बाजूला गेलात की डोंगर पाऊस अडवतो, हवा कोरडी होते, आणि बाभूळ, हिवर, बोर सुरू होतात. कोवळ्या बाभळीचे काटे सगळ्यांत लांब, दोन इंच सहज भरतात. जुन्या, मोठ्या झाडाला काटे कमी असतात. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला मुंबईकर भिगवणला उजनीच्या पाण्याकडे जातात, तिथे काठावर वेडी बाभूळ माजलेली आहे. ती इथली नव्हे, अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात आणलेली. तिचा काटा जाड असतो आणि वाळला की खिळ्यासारखा लागतो.

हंगामाचं गणितही लक्षात ठेवा. भात कापून झालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून शेतकरी भाजीच्या वाफ्याभोवती, कडब्याभोवती काट्यांचं कुंपण घालतात. फांद्या ओढत नेल्या की वाटेवर काटे सांडतात. ठाणे-रायगडकडे मार्चपासून राब भाजण्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांच्या फांद्या तोडून शेतात नेतात, तेव्हाही तेच. पावसाळ्यात काटे कमी दिसतात, पण ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर कापलं जातं, त्यामुळे पाण्यातल्या खुंटापासून जास्त जपायला लागतं.

आणि एक चूक जवळपास सगळे करतात: उन्हात सावली एकच दिसते म्हणून जेवायला गाडी बाभळीखाली लावतात. बाभळीखाली वर्षानुवर्षांचे वाळके काटे पडलेले असतात. त्यातच गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं जागच्या जागी घासतात आणि काटा रबरात पिळून आत जातो. गाडी उन्हात उभी करा, तुम्ही सावलीत बसा.

रानात असताना

काटा टायरमध्ये दिसला आणि टायर ट्यूबलेस असेल, तर तो तिथे उपटू नका. काट्यानेच भोक बुजलेलं असतं. गेज लावून हवा मोजा, अर्ध्या तासाने परत मोजा. एक-दोन पीएसआयच उतरली असेल तर कॉम्प्रेसरने भरा आणि डांबरी रस्त्याला लागा. भराभर उतरत असेल तरच तिथे काम काढा. ट्यूबच्या टायरला ही सवलत नाही, तिथे हवा व्हॉल्व्हच्या भोकातून आणि रिमच्या कडेने पटकन निघून जाते. तेव्हा थांबून स्टेपनी लावणं बरं.

अनोळखी वाटेवर गाडी घालण्याआधी मी उतरून वीस पावलं चालतो आणि चपलेचा तळ उलटा करून बघतो. दोन-तीन काटे रुतलेले निघाले तर ती वाट सोडून देतो. हे गावातल्या माणसाकडूनच शिकलो. टोकावड्याच्या पुढे एका शेतकऱ्याला वाट विचारली तर तो आधी माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "दादा, गाडीआधी पाय घाला, पाय सांगंल." तेव्हापासून उतरायचा कंटाळा केला नाही.

वाट बंद करायला कुणी काट्यांची फांदी आडवी टाकलेली असते. तिच्यावरून गाडी नेऊ नका आणि बाजूने शेतातूनही घालू नका. ज्याची जमीन आहे त्याला विचारा, फांदी हाताने बाजूला ओढा, गाडी गेल्यावर परत होती तशी लावा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरण्याचा तर प्रश्नच नाही.

मागची चाकं जास्त का बसतात हेही माहीत असू दे. आडवा पडलेला काटा पुढचं चाक उचकटून उभा करतं आणि तो मागच्या चाकाला लागतो. शिवाय वळणावर मागचं चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही, आतून कापत जातं. पुढचं चाक जाळीपासून हातभर लांबून गेलं तरी आतलं मागचं जाळीत घुसतं. काटेरी कडेच्या वळणावर म्हणून वळण रुंद घ्यायचं, आणि बाजूला कुणाला तरी उतरवून मागच्या चाकाकडे बघायला सांगायचं.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

रानात उपटू नका म्हटलं, तसंच घरी आल्यावर राहू देऊ नका. रविवारी रात्री कितीही दमलेले असलात तरी ही अर्ध्या तासाची मेहनत पुढचा आठवडा वाचवते.

चाकं धुऊन चिखल काढा. ओल्या टायरवर काटे चटकन दिसतात, कारण ओलं रबर काळं दिसतं आणि लाकूड तपकिरी. गाडी थोडी थोडी पुढे घेत प्रत्येक चाकाचा पूर्ण घेर बघा, खाचांच्या तळाशी विशेष. जिथे काटा किंवा तपकिरी ठिपका दिसेल तिथे खडूने गोल करा. मग प्रत्येक गोलावर साबणाचं पाणी टाका. फेस फुगला तर तो काटा आतपर्यंत पोचलाय, त्याला हात लावू नका, चाक तसंच दुकानात न्या. फेस फुगत नसेल तर लहान टोकदार पकडीने काटा ज्या तिरक्या दिशेने गेला त्याच दिशेने सावकाश ओढा. पिळू नका, पिळला की मोडतो. रबराच्या पातळीला मोडलेला असेल तर दाभणाने बाजूचं रबर जरासं दाबून टोक उघडं करायचं आणि मग पकडायचं. काटा निघाल्यावर त्या जागी परत साबणाचं पाणी टाका.

माझ्या मागच्या फेरीत चार चाकांतून मिळून सतरा तुकडे निघाले. त्यातला हवा सोडणारा एकही नव्हता. ते तसेच राहिले असते तर त्यातले चार-पाच तरी पुढच्या महिनाभरात आतपर्यंत गेले असते, अशी माझी खात्री आहे.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी गाडी थंड असताना हवा मोजून लिहून ठेवा. थंड असतानाच, कारण तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक पीएसआय वर-खाली होते. दुपारी पंपावर ३५ भरलेली हवा पहाटे ३२ दिसली तर ते पंक्चर नव्हे. तीन चाकं जागेवर आणि एकच रोज उतरतंय, तर ते पंक्चर.

दुकानात काय सांगायचं

"पंक्चर काढा" एवढंच सांगितलं तर पट्टी भरली जाणार, कारण ते दहा मिनिटांचं काम आहे. पट्टी खिळ्याच्या भोकाला ठीक. काट्याचं भोक एक-दीड मिलिमीटरचं. पट्टी भरायला रिमरने ते पाच-सहा मिलिमीटर मोठं करावं लागतं, आणि त्यात आतल्या स्टीलच्या तारा तुटतात. बारीक भोकासाठी चांगला टायर कोरायचा, हे मला पटत नाही. शिवाय रिमर टोक बाहेर काढेलच असं नाही, कधी बाजूला ढकलतो.

म्हणून सांगायचं: टायर उतरवा, आतून बघा, टोक काढा, आतून पॅच, म्हणजे रबराचं ठिगळ, लावा. टायर उतरवल्यावर कापूस फिरवायचं काम मी स्वतः मागून घेतो. प्रत्येक कापूस अडकणारी जागा खडूने खूण करायची, टोक आतून लहान पकडीत येत असेल तर आतून ओढायचं, नाहीतर दाभणाने बाहेर ढकलायचं. पॅच लावताना जागा नीट घासलेली हवी, सोल्यूशन, म्हणजे रबराचा गोंद, लावल्यावर ते बोटाला चिकटेल इतपत सुकू द्यायला हवं, आणि पॅच मधून कडेकडे रोलरने दाबायला हवा. घाईत ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच महिन्याभरात सुटतो. पैसे जास्त जातात, तासभर थांबावं लागतं. तरी तीन पट्ट्यांपेक्षा स्वस्तच.

भोक ट्रेडमध्ये असेल तरच हे सगळं. ट्रेडची कड संपून साइडवॉल सुरू होते तिथे किंवा साइडवॉलमध्येच भोक असेल तर पॅच नाही, पट्टी नाही, टायर बदलायचा. ती भिंत दर फेरीला वाकते, तिथली दुरुस्ती हायवेच्या वेगात टिकत नाही.

हवा किती ठेवायची

यावर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

रेडियल टायरमध्ये ट्रेडखाली स्टीलचे पट्टे असतात. साइडवॉलमध्ये ते नसतात, तिथे फक्त कापडाचे थर आणि रबर. रानात गेलं की हवा कमी करायची हे सगळ्यांना पाठ असतं, आणि वाळू-चिखलात ते बरोबरच आहे, १५ ते १८पर्यंत आणतात. हवा कमी केली की ट्रेड मऊ पडतो, काट्यावर गुंडाळला जातो, काटा सरळ घुसण्याऐवजी आडवा पडण्याची शक्यता वाढते. इथपर्यंत फायदा. पण त्याच वेळी साइडवॉल फुगून ट्रेडच्या बाहेर येते आणि खुंटाला, फांदीला आपणहून भिडते. ट्रेडमधला काटा दुरुस्त होतो, साइडवॉल होत नाही. म्हणून काटेरी वाटेवर मी २५-२६च्या खाली जात नाही. गाडी फसलीच तर तेवढ्यापुरती कमी करायची, निघाली की परत भरायची. त्यासाठी बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर हवा. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या टायरला फार वेळ घेतात आणि तापतात.

उलट, ३८-४० भरून "टणक टायरला काटा लागत नाही" असं म्हणणारेही भेटतात. लागतो. टणक टायर काट्यावर हातोडीसारखा बसतो.

टायर आणि सीलंट

शोरूममधून येणारे रस्त्याचे टायर काट्यांसाठी नाहीत. ऑल-टेरेनचा, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हींसाठीच्या टायरचा, ट्रेड जाड असतो, आणि एलटी, म्हणजे लाइट ट्रक वर्गातल्या टायरची साइडवॉलही जाड असते. मड-टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर, आणखी दणकट, पण मुंबईत सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जायचं असेल तर पावसात काँक्रीटच्या रस्त्यावर त्यांची पकड मला पुरेशी वाटत नाही. ऑल-टेरेन एलटी हे माझं उत्तर. कायद्याने १.६ मिलिमीटर ट्रेड उरेपर्यंत टायर चालतो, काटेरी रानासाठी तो त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. अर्धा झिजला की मी तो शहरातच वापरतो.

सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतायचं द्रव, काट्याच्या बारीक भोकांवर खरंच चांगलं काम करतं. मावसभावाच्या जिप्सीत शेवटी तेच टाकलं आणि ट्यूब वाचल्या. व्हॉल्व्ह पिन काढायची, बाटलीवर लिहिलेलं प्रमाण ओतायचं, हवा भरून लगेच चार-पाच किलोमीटर गाडी चालवायची. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. सीलंट काटा काढत नाही, फक्त भोक बुजवतं. काटा तिथेच असतो, त्याच्या बाजूने पाणी शिरतं आणि आतल्या तारा गंजतात. आणि नंतर पॅच लावायचा तर आतून सगळं धुऊन सुकवावं लागतं, नाहीतर सोल्यूशन धरत नाही. गाडीत हवेचे सेन्सर असतील तर त्यांना चालणारं सीलंट आहे का, ते आधी वाचा.

ट्रेडखाली जुन्या ट्यूबचा पट्टा अंथरण्याचा उपाय बरेच जुने लोक सांगतात. बैलगाडीला चालेल. हायवेवर ८०च्या वेगाने तो आत घासतो, तापतो आणि ट्यूब कापतो.

स्टेपनीचं विसरू नका. काटेरी फांदीवरून एका बाजूची दोन्ही चाकं जातात, म्हणून पंक्चर अनेकदा जोडीने होतं आणि स्टेपनी एकच असते. गटाने जाताना निदान दोन गाड्या एकाच मापाच्या असल्या तर बरं. मी एक ट्यूब आणि गॅटर, म्हणजे फाटलेल्या जागी आतून लावायला जुन्या टायरचा कापलेला तुकडा, जवळ ठेवतो. साइडवॉल फाटली आणि स्टेपनी आधीच संपलेली असली तर आतून गॅटर, त्यावर ट्यूब, आणि ३०च्या वेगाने जवळच्या गावापर्यंत. त्यापुढे नाही.

एवढं करूनही चाक बसत असेल तर

मग काटा सोडून दुसरीकडे बघा. आधी व्हॉल्व्ह: टोपण काढून साबणाचा थेंब ठेवा, फुगला तर पिन घट्ट करा किंवा बदला. रबरी व्हॉल्व्ह वाकवून मुळाशीही बघा. फांदीने ओढला जाऊन तिथे चीर पडते.

नंतर रिमची कड. कमी हवेवर चालवल्यावर टायर आणि रिमच्या मध्ये गवताची काडी, चिखल अडकतो आणि तिथून हवा झिरपते. आणि मुंबईच्या गाड्यांचा एक वेगळा आजार आहे. खाऱ्या दमट हवेने आणि पावसात तुंबलेल्या पाण्याने रिमची कड खाल्ली जाते. अलॉयवर पांढरी पावडर धरते, लोखंडी रिमला गंजाचे पापुद्रे. टायर उतरवलेलाच आहे तर ती कड तारेच्या ब्रशने चारी बाजूंनी साफ करून घ्या, बीड सीलर, म्हणजे टायरच्या कडेची फट बुजवणारं द्रव, लावा, मगच टायर चढवा. चढवल्यावर चाक आडवं ठेवून कडेला गोल साबणाचं पाणी सोडा, मग उलटं करून दुसऱ्या बाजूलाही.